हातोड्याची हवा

मंगळावरच्या त्या वस्तीत बोअर सुरू झाल्यापासून कोणी सबंध वाक्य बोलत नव्हतं. खडक फोडणारा हातोडा हवेवर चालायचा, आणि ती हवा प्रत्येकाच्या श्वासातून कापून दिलेली होती. माणसं नुसती पडून असायची, बोललीच तर दोन शब्दांवर थांबायची.

बोअरवाला हैबती परतला तेव्हा शेजारची गोदाक्का तोंडाला मास्क लावून दारात बसली होती.

"लागलं का... पाणी?"

"कुठलं लागतंय अक्का, हवा पाइपातून खाली जाते, हातोड्यातला दट्ट्या टोकाच्या बिटावर आपटते, तीच हवा फुटलेल्या खडकाचा भुगा वर उडवते, पण आज हवेला जोरच नव्हता, मग भुगा खालीच बसला आणि हातोडा अडकला, त्यात माझा काय दोष!"

आजूबाजूची माणसं उठून बसली.

"केवढं... बोललास," गोदाक्का म्हणाली. "एका दमात."

हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातोड्याला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरला नळी जोडून त्याने दिवसभर बोअरयंत्राच्या केबिनमध्ये स्वतःसाठी हवा खेळवली होती. थोड्याशा हवेने हातोड्याचं काय बिघडतंय, असं त्याला वाटलं होतं.

तो घाईघाईने धापा टाकू लागला. ते सोंग कोणालाच खरं वाटलं नाही, त्याला स्वतःलाही नाही.

गोदाक्काने तोंडावरचा मास्क काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"घे बाबा... तुला जास्त लागते."