दिवेलागणीचं लॉगिन

साकेतने दोन पेनड्राइव्ह आणले होते. एकात मिंट, दुसऱ्यात बाझाइट. मानपाड्याच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, आपल्या मित्राच्या, ऋतुराजच्या टेबलापाशी बसून तो ऋतुराजच्या आईला, कल्पिताकाकूंना, फरक समजावत होता. दोन्ही लिनक्सच, विंडोजच्या जागी टाकायचं. जुन्या विंडोजचे अपडेट बंद झालेत आणि नवं या कंप्युटरला झेपणार नाही, तेव्हा यातलं एक निवडायचं. मिंट साधं, घरगुती. वीजबिल भरा, भजनं लावा, फोटो ठेवा. दुसरं गेम खेळणाऱ्यांसाठी.

"तुम्हाला मिंटच बरं," तो म्हणाला. "गेम कोण खेळतंय आता घरात?"

हे त्याने मुद्दामच विचारलं. ऋतुराजला जाऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तरी रोज संध्याकाळी सातला साकेतच्या स्क्रीनवर गेममधल्या मित्रांच्या यादीत त्याचं नाव हिरवं, म्हणजे ऑनलाइन, व्हायचं. अर्ध्या तासाने पुन्हा करडं. अकाउंट कुणीतरी चोरलं असेल, अशी साकेतने मनाची समजूत घातली. मग एकदा धीर करून तो त्या गेममध्ये शिरला, तर ऋतुराजचा सैनिक भिंतीकडे तोंड करून नुसता उभा. साकेत घाबरून लगेच बाहेर पडला. तेव्हापासून त्याने स्वतःचं नाव यादीतून लपवून ठेवलं होतं. आज आपणहून फोन करून तो आला होता, तो हे एकदाचं बंद करायलाच.

काकूंनी दोन्ही पेनड्राइव्ह उलटेसुलटे करून पाहिले आणि विचारलं, त्याचा तो गेम कशावर चालेल?

"म्हणजे रोज सातला... तुम्ही?"

"देवापाशी दिवा लावला की हे लावते," काकू म्हणाल्या. "तिन्हीसांजेला त्याचंच नाव तेवढं अंधारात कशाला? खेळता कुठं येतंय मला. नुसती बसते समोर."

भीती गेली, पण तिच्या जागी जे आलं ते साकेतला जास्त जड झालं. रोज सातला ते नाव हिरवं होताना बघणं आपल्याला सोसणार नाही, हे त्याला पक्कं कळलं. तो गेम लिनक्सवर चालतच नाही, एवढं खोटं बोललं की संपलं. त्याने तोंड उघडलंसुद्धा.

"तू पण असायचास रे त्या यादीत," काकूच आधी बोलल्या. "तुझं नाव दिसलं की बरं वाटायचं. म्हणायचे, चला, हे तरी पोरगं घरी पोचलं. गणपतीपासून दिसलाच नाहीस. चारदा तुला लावायला फोन हातात घेतला आणि ठेवला. म्हटलं, तुझा फोन तुझ्या आईने उचलला तर? ऋतुराजचे फोन मीच उचलले होते ना."

साकेतने मिंटचा पेनड्राइव्ह खिशात टाकला आणि दुसरा, गेमवाला लावला. मग काकूंकडे न बघता मोबाइल काढला, आणि त्या यादीत आपलं नाव पुन्हा हिरवं करून त्यांच्यासमोर धरलं.