डहाळीचा पत्ता

पत्त्यांचा एक ऑनलाइन खेळ अजून चाचणीत होता, तेव्हा खेळून पाहणाऱ्यांत चिमूरकडचा धनराजही होता. हरायचा मात्र रोज. जंगलाचा पत्ता टाकण्याआधी तो डहाळीचा पत्ता ठेवायचा आणि चाल फुकट घालवायचा. गावात रानात शिरताना वाटेवरच्या वाघोबा देवाला डहाळी वाहिल्याशिवाय कोणी पुढं पाऊल टाकत नाही. बोटांनाही तीच सवय.

"मोबाइलातल्या जंगलाले कोणी डहाळी वाह्यते का?" बायको, साधना, हसायची.

दोन वर्षांनी खेळ सगळ्यांसाठी फुकट खुला झाला, तसा त्यानं तो पुन्हा उघडला. नियमांत नवी ओळ होती: 'जंगलात शिरण्याआधी डहाळी ठेवा, नाहीतर वाघ झडप घालील.'

"पाह्य, खेळ बनवणारे माह्यापासून शिकले!" धनराजची छाती फुगली.

समोर कोणी नवखा होता. तो डहाळी न ठेवताच जंगलात शिरला. वाघाचा पत्ता नेमका धनराजच्या हातात. पण वाघाऐवजी आपली डहाळी त्यानं त्या नवख्याच्या वाटेवर ठेवली.

"अवो, जिंकून राह्यले होते ना तुमी!" साधना ओरडली.

"जिंकीन उद्या. आधी माणूस घरी तं येऊ दे."