अख्खा व्हिडिओ

सांचीचे डोळे वर फिरले तशी मिनलने हातातलं लाटणं टाकलं आणि आधी पोरीला नाही, मोबाईलला हात घातला.

डॉक्टर मॅडमनी फोनवर तसं बजावलंच होतं. हॉस्पिटल सगळं कोरोनाला दिलेलं, ओपीडी बंद. "बघितल्याशिवाय मी औषध बदलू कसं? फिट आली की पहिल्यापासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा. डोळे, दोन्ही हात, दोन्ही पाय दिसले पाहिजेत." याआधीचे दोन व्हिडिओ वाया गेले. एकात पिठाच्या डब्याला टेकवलेला मोबाईल घसरला आणि नुसता पंखा आला. दुसऱ्यात एका हाताने पोरीला धरायचं, एका हाताने मोबाईल, सगळं हललेलं. पोरगी तडफडतेय आणि आईनं शूटिंग करायचं, काय एकेक वेळ येते माणसावर! पण आठवड्याला तीन-तीन फिट यायला लागल्या होत्या. आणि समाधान चाकणला अडकलेला. काम कंपनीत, झोपणं कंपनीत, महिना झाला नवऱ्याचं तोंड बघून.

तिने सांचीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली उशी सरकवली, व्हिडिओ सुरू केला आणि मोबाईल तसाच धरून दाराकडे मान वळवून ओरडली, "मावशी! अहो मावशी, दोन मिनिटं मोबाईल धरा फक्त. मला हिच्याजवळ बसू द्या!"

समोरच्या गोजाबाई उंबऱ्यात गहू निवडत होत्या. लगबगीने उठल्या, दोन पावलं आल्या आणि थांबल्या. चार घरं सोडून एकजण पॉझिटिव्ह निघाला होता. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकून आठ दिवस झाले होते.

"आले असते गं बाई. पण आमच्या म्हाताऱ्याला दमा हाय. कांदा फोडून लाव तिच्या नाकाला, कांदा!"

डोळ्याला पदर लावत त्या आत गेल्या. दार लावून घेतलं. आता दोष तरी कसा द्यायचा? सांचीला पहिली अंघोळ याच बाईनं घातलेली.

मिनलने मोबाईल दोन्ही हातांत घट्ट धरला. सांचीचा डावा हात फरशीवर एकटाच झटके खात होता. एरवी तो मिनलच्या मुठीत असायचा. शुद्धीवर आली की पोरगी दरवेळी तेवढंच विचारायची, "मला काही आठवत नाही, पण तू माझा हात धरतेस ना?" आणि मिनल म्हणायची, "मग! सोडते की काय?"

ती रडत होती, पण आवाज न करता. हुंदक्याने मोबाईल हलतो.

दोन मिनिटं दहा सेकंद. झटके थांबले तसा तिने मोबाईल पलंगावर फेकला आणि पोरीला कुशीत ओढलं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. "यावेळी अख्खा व्हिडिओ आला. आता मला नीट कळलं. जुनं औषध बंद करू नका, दुसरं लिहून देते. आमचा माणूस पत्र्यापर्यंत आणून देईल."

हुश्श! मिनलने लगेच समाधानला फोन लावला. उचलला नाही, शिफ्टवर असणार. एवढी चांगली बातमी, पण सांगायची कुणाला? मोबाईल ठेवून ती पाणी भरायला उठली.

परत आली तर सांची व्हिडिओ बघत बसलेली. आठ वर्षांच्या पोरीने स्वतःची फिट कधीच बघितली नव्हती. पण सांची घाबरली नव्हती. व्हिडिओ संपला, तिने पुन्हा पहिल्यापासून लावला. स्क्रीनच्या कडेकडेने बोट फिरवत काहीतरी शोधत राहिली.

"मम्मी, यात तुझा हात कुठंय?"

मिनलला खोटं सुचेना. "मोबाईल धरायला कुणी नव्हतं गं."

सांचीने व्हिडिओ बंद केला.

"मग पुढच्या वेळी मोबाईल मी धरते," ती म्हणाली, "तू माझा हात धर."