दुसऱ्या फेरीतली दुरुस्ती

“घरात कोणी वाढलं, कोणी कमी झालं काय?” शोभाताईंनी खुर्चीत बसता बसता विचारलं. त्या मोहल्ल्यातल्या शाळेत शिकवत आणि एक्याऐंशीच्या जनगणनेचं काम करत. फेब्रुवारीत त्या घरोघरची नावं लिहून गेल्या होत्या. आता मार्च लागला होता. मधल्या दिवसांतले जन्म-मृत्यू तपासायची ही दुसरी फेरी.

“एक कमी,” महादेवराव म्हणाले. “गोपिका.”

शोभाताईंनी कागद काढला. पेनही उघडलं.  पहिल्या फेरीत त्या याच खुर्चीत बसून त्यांच्या बायकोच्या, गोपिकाबाईच्या हातचा चहा प्यायल्या होत्या.

महादेवराव सरकारी कचेरीत राज्याच्या उत्पन्नाचे आकडे जुळवत. संत्री, कापूस, सिमेंट, सगळं. त्या दिवशी शोभाताईंनी गोपिकाबाईला तिचं काम विचारलं, तर हेच मध्ये बोलले होते. “लिहा, काही काम नाही करत. घरकाम राष्ट्रीय उत्पन्नात धरत नाहीत.”

गोपिकाबाई चहाचा ट्रे ठेवत म्हणाली होती, “मंग आज राष्ट्राच्याच घरी जेवून या जी.”

तिघंही हसले होते. महादेवराव सगळ्यांत मोठ्यानं.

पाच दिवसांनी तिच्या छातीत कळ आली आणि ती गेली. तेरवी झाली, पाहुणे पांगले. आता डबा खानावळीतून येत होता, कपडे धोब्याकडे जात होते, भांड्यांसाठी पंचफुला पगारावर लागली होती. ही सगळी कामं उत्पन्नात धरतात, हे महादेवरावांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या शास्त्राप्रमाणे गोपिका गेली आणि देश थोडा पुढे सरकला. सकाळी त्यांनी स्वतः चहा केला, तर साखरेऐवजी मीठ पडलं. तरी प्यायले. उत्पादन वाया जाऊ देऊ नये.

“चहा नाही विचारत तुम्हाले,” ते म्हणाले. “तुमचा जीव प्यारा आहे मले.”

“राहू द्या, काकाजी. नाव खोडू ना?”

“थांबा. आधी एक दुरुस्ती करा.”

“आता खोडाचंच आहे, तर दुरुस्ती कायले?”

“चूक माझी आहे. ओळ चुकली.”

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. गोपिकाच्या नावावरून ते एक ओळ वर गेलं आणि स्वतःच्या नावावर थांबलं.

“‘काही काम नाही करत’, हे इथं लिहाचं होतं.”