यहूदाचा चेहरा

पेत्रावरून तिघींत जुंपली, योहानावरून दोघी रुसल्या. उपवासकाळात चर्चसाठी प्रभूच्या शेवटच्या भोजनाचा पडदा सुईदोऱ्याने भरायचा होता, घरटी एक शिष्य. दगाबाज यहूदा कुणालाच नको, म्हणून पाळकसाहेबांनी तो एकट्या राहणाऱ्या मार्थाबाईंच्या गळ्यात मारला.

पडदा लागला. अकरा शिष्य बाहुल्यांसारखे गुळगुळीत. यहूदा तेवढा जिवंत.

उपासना सुटताच मंडळीचे सेक्रेटरी मार्थाबाईंच्या कानाशी लागले. "बाई, हे नाक माझं आहे. उसवा."

मागोमाग महिला मंडळाच्या अध्यक्षा आल्या. "डोळे माझेच घेतलेत ना? कळतं हो मला!"

शेवटी खुद्द पाळकसाहेब. "माझी ती कपाळावरची आठी तेवढी काढून टाका."

दाढी तेवढी मार्थाबाईंच्या मनाची. बाकी चेहरा त्यांनी चाळीस दिवस आरशात बघून, स्वतःचाच भरला होता.