ग्रासियास

पायसांदू शहरातल्या वाचनालयात मी लेखनाचा वर्ग घेते. लिहायची सवय लागावी म्हणून सगळ्यांना एकच गृहपाठ: रोज सकाळी दहा मिनिटं घड्याळ लावून बसायचं आणि घरात झालेलं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं. बाकीच्यांच्या सबबी ऐकून ऐकून माझे कान किटले. एव्हारिस्तो आजोबांनी मात्र पाच महिन्यांत एकही दिवस चुकवला नाही.

त्यांचं पान रोज जवळपास तेच. ते तुंब्यात कडू येर्बाचा चहा भरून बायकोच्या, नेलिदाच्या हातात देतात. ती नळीने पिते, शेजारणीच्या कुत्र्यावरून कुरकुरते, तुंबा परत देते. ते पुन्हा भरतात.

आमच्याकडे तुंबा परत देताना 'ग्रासियास' म्हटलं, की त्याचा अर्थ आभार एवढाच नसतो. पुरे झालं, आता माझ्यासाठी भरू नका, असा असतो. तो शब्द येईपर्यंत भरणारा भरतच राहतो.

काल वर्गात मी थट्टा केली, "आजोबा, दीडशे पानं झाली, पण नेलिदाआजी एकदाही ग्रासियास म्हणाल्या नाहीत. पोट आहे की पिंप?"

सगळे हसले. आजोबाही हसले. मग वही मिटत म्हणाले,

"म्हणाली ना, बाई. एकदाच. मार्चमध्ये, हा वर्ग सुरू व्हायच्या आधी, दवाखान्यातल्या तिच्या शेवटच्या सकाळी. तो शब्द पुन्हा यायला नको, म्हणून तर रोज लिहितो."