पाणी आणायची घाई

सल्ला केंद्रात आलेली बाई रडायला लागली, की शिकाऊ रेवती पाणी आणायला पळायची. तिसऱ्यांदा तिला शिकवणाऱ्या कुलथे मॅडमनी दारातच अडवलं. "तहान तिला नाही लागलेली, भीती तुला वाटतेय. बस तिच्यापाशी."

त्याला अकरा वर्षं झाली. आज रेवतीच्या स्वतःच्या दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लागली. निवृत्त मॅडम पेढे घेऊन आल्या, खोली न्याहाळत समोरच्या खुर्चीत टेकल्या.

"आमच्या यांना हल्ली माझं नावही आठवत नाही गं," एवढं म्हणेपर्यंत त्यांना हुंदका फुटला.

कोपऱ्यात माठ होता. रेवतीचे पाय शिवशिवले, पण ती जागची हलली नाही.

बऱ्याच वेळाने मॅडमनी पदराने डोळे पुसले. तिच्याकडे पाहून त्या हसल्या.

"आण आता पाणी."